चाच्यांच्या गलबताची लांबी

माझा नवरा कुणाला साधी थाप मारणाऱ्यांतला नाही, आणि गेली नऊ वर्षं तो समुद्री चाच्यांच्या टोळीचा कप्तान आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात हे मला लग्नाला वीस वर्षं होऊनही नीट कळलेलं नव्हतं. मध्यंतरी एकदा कळलं, तेच सांगते.

टोळी म्हणजे आम्ही सहा जण. नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर. मी तिथून पुढच्या फाट्यावरच्या दुसऱ्या कंपनीत मोजमापाच्या लॅबमध्ये. मारुंजीला भाड्याने राहणारी दोन कॉम्प्युटरवाली मुलं, तळेगावचे भूगोलाचे एक मास्तर, आणि गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा एक पठ्ठ्या, ज्याच्याइतकी तलवारबाजी आमच्यात कुणालाच येत नाही. तलवार म्हणजे अर्धा इंची प्लास्टिकचा पाइप. शिडाची जुनी जहाजं, त्यांच्या दोऱ्या, त्यावरचे दरोडेखोर आणि त्यांच्यावर निघालेले सगळे सिनेमे, हे आमचं सहा जणांचं वेड. सगळ्यात जवळचा समुद्र एक्सप्रेसवेने दोन तासांवर, तरी भरती-ओहोटीच्या वेळा आम्हाला पाठ.

दर रविवारी दहाला आमच्या आकुर्डीच्या सोसायटीच्या गच्चीवर, जिथे गणपतीचं सामान ठेवतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये, आम्ही जमतो. दहा म्हणजे दहा. दहा वाजून पाच मिनिटांनी येणाऱ्या चाच्याला लेट मार्क मिळतो. सगळे चाचे हेल्मेट घालून येतात आणि रिकाम्या चौकातही लाल सिग्नलला थांबतात. एकदा आम्ही कवटीचा काळा झेंडा गच्चीवरच्या कपड्यांच्या तारेला लावला होता. सेक्रेटरींनी हरकत घेतली, तेव्हा आमच्या कप्तानाने तो उतरवून, घडी घालून, वर लेखी दिलगिरीही व्यक्त केली.

सिनेमा बघायचा तर आमच्यासारखा कुणी बघू नये. पडद्यावर नायक दोराला लटकून नायिकेला सोडवायला झेप घेतो, आणि तेवढ्यात कप्तान चित्र थांबवतो. "शीड बघा. वारा मागून येतोय. मग झेंडा मागे कसा उडतोय? जहाजावर दोन-दोन वारे वाहतात काय?" तो वहीत नोंद करतो. नायक बिचारा हवेत. अशा रीतीने नऊ वर्षांत आम्ही एकही सिनेमा एका रविवारात संपवलेला नाही, आणि कप्तानाच्या वहीत एकही सिनेमा पास झालेला नाही.

चाच्यांबद्दलची त्याची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र वेगळी होती. जुन्या काळी या दरोडेखोरांच्या जहाजावर कप्तान मतदानाने निवडायचे. त्याचा हुकूम चालायचा तो फक्त पाठलागात नाहीतर लढाईत. एरवी प्रत्येक खलाशाला एक मत, कप्तानालाही एकच. हे सांगताना तो खुर्चीतून उठून उभा राहायचा. आमच्यात मतदानाची वेळ कधी आली नाही, कारण कप्तानाच्या मते आम्ही कायम पाठलागावरच असायचो.

मागच्या वर्षी ठरलं की चिंचवडला छंदांचं प्रदर्शन भरतं, त्यात आपलं गलबत ठेवायचं. तीन डोलकाठ्यांचं, बरोबर दोन मीटर लांब. लाकडाचा प्रश्न नव्हता. परदेशी मशिनं ज्या खोक्यांत येतात त्यांचं पाइनचं लाकूड आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पैशाला पासरी. अशाच फळ्या लिफ्टपर्यंत ओढत नेताना खाली पार्किंगच्या बाकावरून आवाज आला, "ह्याच्या रेशा आडव्या हायेत बाई. वाकीवली की तडकंल."

बाकावर मिस्त्री बसले होते. शेजारच्या बिल्डिंगमधले, पंचाहत्तरीच्या आसपासचे. त्यांचे वडील चाकणजवळच्या गावात बैलगाड्या करणारे सुतार, आणि ते स्वतः सारी नोकरी फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये केलेले. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी मिस्त्रींनी हुबेहूब लाकडात करायचा. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्या साच्यात लोखंड ओतायचं. पुढे ते काम कॉम्प्युटर आणि मशिनवर गेलं, पॅटर्न शॉप बंद झालं, आणि लाकडाचे सगळे नमुने एका टेम्पोत भरून कुठेतरी गेले. घरी मुलगा म्हणाला, "दादा, आता आराम करा." तेव्हापासून ते बाकावर बसून आराम करत होते, आणि माणसाला आराम इतका जड होतो हे मी त्यांच्याकडे बघूनच शिकले.

"कशाचं करताय ह्ये?" त्यांनी विचारलं.

"गलबत करतोय. चाच्यांचं."

"म्या समिंदर येकदाच बगितलाय," ते म्हणाले. "लई पानी हाय." आणि माझ्या हातातली फळी काढून घेऊन लिफ्टमध्ये शिरले.

असे आम्ही सात झालो. मिस्त्रींना चाच्यांशी काडीचं घेणं नव्हतं. झेंडा कुठे उडतो यावर कप्तान बोलत असताना ते फळीला कान लावून टकटक करत बसत. पण गलबताचं अंग, म्हणजे खालचं सगळं लाकडी धड, त्यांनी एकट्याने केलं. फळ्यांचे थर चिकटवले आणि पटाशीने असे सोलत आणले की पुढच्या टोकाची गोलाई बघून भूगोलाच्या मास्तरांनी नुसता हात जोडला. मोजायला त्यांच्याकडे तेलकट फडक्यात गुंडाळलेली स्वतःची पोलादी पट्टी होती. मी लॅबमधला चांगला टेप पुढे केला तर म्हणाले, "दुसऱ्याच्या टेपावर न्हाई चालत माजा हात." मला हसू आलं. त्यांची सून मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, दादा आता रविवारी सहालाच आंघोळ करतात. इस्त्रीचा शर्ट मागतात. परवा मला म्हणाले, माझ्याबिगर त्यांचं गलबत व्हायचं न्हाई." हे सांगताना तिचा चेहरा इतका खुलला होता की मी ते जपून ठेवलं.

इकडे कॉम्प्युटरवाल्या मुलांनी ड्रॉइंगवरून डेकची फळी, कठडे, तोफांच्या खिडक्यांच्या पट्ट्या लेझरवर कापून आणल्या. एका रविवारी मिस्त्री यायच्या आधी आम्ही डेक गलबताच्या अंगावर ठेवून बघितला. पुढे एक सेंटिमीटर फट, मागे एक सेंटिमीटर फट. कप्तानाने टेप लावला. डेक बरोबर होता. गलबताचं अंग दोन हजार वीस मिलिमीटर भरलं, म्हणजे वीस जास्त. रुंदीतही तसंच. आणि मग माझ्या नवऱ्याने खिशातून लाल स्टिकर काढला आणि गलबताच्या पुढच्या टोकावर चिकटवला. कंपनीत नापास मालाला लावतात तो. रविवारी तो खिशात काय करत होता, देव जाणे.

मी तो काढायला हात पुढे केला तेवढ्यात मिस्त्री दारात आले.

तीस-पस्तीस वर्षं फौंड्रीत काढलेल्या माणसाला लाल स्टिकरचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यांनी फडकं सोडलं, पट्टी काढली आणि गलबताला लावली. दोनदा. "बराबर दोन मीटर हाय," ते म्हणाले. कप्तानाने टेप लावला. दोन हजार वीस. मिस्त्रींनी पुन्हा पट्टी लावली. दोन मीटर. आम्ही सगळे माठासारखे बघत उभे. मग मी पट्टी हातात घेऊन टेपाशेजारी धरली. पट्टीवरच्या खुणाच एकमेकींपासून जरा जास्त लांब होत्या.

वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून लाकडाचा नमुना मुद्दाम थोडा मोठा करायचा असतो, मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवर मीटरच तेवढा मोठा आखलेला असतो. मिस्त्रींनी आयुष्यभर त्याच पट्टीवर काम केलं होतं. मोजमापाच्या लॅबमध्ये काम करणारी बाई मी. पहिल्याच दिवशी ती पट्टी बघायला हवी होती, आणि मी हसून सोडून दिली होती. मला माझीच चीड आली.

मिस्त्री खाली बसले. "ह्ये वतायचं न्हाई, लाकडाचंच ऱ्हानार, ह्ये मला ठावं हुतं वो," ते म्हणाले. "पर हाताला कुटं ठावं?" मग पट्टी फडक्यात गुंडाळली, चप्पल घातली आणि गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सून म्हणाली, "शर्ट इस्त्री करून ठेवलाय तसाच आहे." कप्तान म्हणाला, "वाईट मलाही वाटतंय. पण चूक ती चूक. अंग नव्याने करू. प्रदर्शनाला अजून वेळ आहे." तो चुकीचं बोलत नव्हता, हीच तर त्याची खोड आहे. पण दुसरं अंग दुसऱ्या कुणी केलं की मिस्त्री त्या बाकावरून पुन्हा उठणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं.

"आपण आत्ता कुणाचा पाठलाग करतोय का?" मी शेडमध्ये सगळ्यांसमोर विचारलं.

"काय?"

"पाठलाग. चालू आहे का?"

"नाही."

"लढाई?"

त्याने माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात त्याला ती नजर ओळखता येते. "नाही," तो म्हणाला.

"मग मतदान घ्या. अंग आहे तसंच ठेवायचं आणि बाकीचं सगळं त्याच्या मापाने मोठं करायचं."

"वहिनी, एक टक्का ना?" मारुंजीचा एक मुलगा म्हणाला. "एकच आकडा बदलायचाय. पाच मिनिटांचं काम." फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "प्लाय मी आणतो, राव. त्यात काय एवढं." पाच हात वर झाले. कप्तानाने विरोधात एकट्याने हात वर केला, वहीत पाच विरुद्ध एक अशी नोंद केली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या आवडत्या कायद्याने त्यालाच चीतपट केलं. वर भूगोलाच्या मास्तरांनी सुचवलं की मिस्त्रींना आणायला कप्तानानेच जावं. त्यावर मतदान घ्यावं लागलं नाही.

मी मागोमाग गेले. मिस्त्री बाकावर होते. हा मॅनेजर माणूस त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभा राहिला. "मिस्त्री, तुमची पट्टी पाहिजे."

"ती कशाला आता? चुकीची हाय."

"चुकीची नाही. तिचं माप वेगळं आहे. गलबताचं सगळं त्याच मापाने करायचं ठरलंय. मी नाही म्हणत होतो," तो म्हणाला. थाप मारता येत नाही ना. "पण मतदानात पडलो."

मिस्त्रींनी मान वर केली. "युनियन हाय व्हय तुमच्यात?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "पट्टी म्या कुनाच्या हातात देत न्हाई. घिऊन यीन."

शर्ट इस्त्री केलेलाच होता.

प्रदर्शनात गलबत उभं राहिलं तेव्हा तीन डोलकाठ्या, शिडं आणि दोऱ्या बघून लहानथोर सगळे थांबत होते. झेंडा अर्थातच वाऱ्याच्या योग्य दिशेला होता. शेजारच्या खुर्चीत मिस्त्री, मांडीवर तेलकट फडकं. मागे त्यांचा मुलगा आणि सून. समोर कप्तानाने स्वतः टाइप केलेलं कार्ड होतं, आणि त्यावर लिहिलं होतं, 'लांबी : २००० मि.मी.' सकाळी ते वाचून मी त्याच्याकडे बघितलं होतं. तो दुसरीकडे बघत होता.

आता आमचा पट्टा असा, की माणूस लग्नाला गेला तरी खिशात टेप असतो. दुपारी एक गृहस्थ आले, त्यांनी चष्मा वर केला, टेप काढला आणि गलबताला लावला. "दोन हजार वीस आहे हो," ते मोठ्याने म्हणाले. "कार्डवर चुकलंय तुमचं."

मिस्त्रींचा हात फडक्यावर घट्ट झाला. मुलाने वडिलांकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नवरा माझ्या आधी पुढे झाला.

"साहेब, तुमचा टेप आखूड आहे," तो म्हणाला. "एकदा तपासून घ्या." कंपनीत ऑडिटरशी बोलतो तोच त्याचा आवाज. त्या गृहस्थांनी टेपाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा टेपाकडे बघितलं, आणि तो खिशात घालून विचारात पडलेले निघून गेले.

मिस्त्रींनी त्याच्या शर्टाची बाही ओढली. "सायेब," ते हळूच म्हणाले, "खोटं बोल्ला की वो."

नवऱ्याचे कान लालबुंद झाले होते.

"मग?" तो म्हणाला. "चाचे आहोत ना आपण."