मुखेडचे सहा जुने संगणक

मी ज्या ओपन सोर्स प्रकल्पात थोडंफार काम करते, तिथे एक यादी आहे. इंटरनेट नसतानाही पुस्तकं वाचता यावीत म्हणून देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं हे सॉफ्टवेअर; कुणीही फुकट घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं. ते कोणकोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं, त्याची ती यादी. प्रत्येक ओळीत एका सिस्टीमचं नाव आणि पुढे एका माणसाचं. नवी आवृत्ती निघण्याआधी त्या माणसाने खऱ्या मशीनवर सगळ्या चाचण्या करून पाहायच्या. माणूस नसेल, तर ती ओळ काढून टाकायची.

मागच्या वर्षी जुन्या, बत्तीस बिटांच्या लिनक्सच्या ओळीतलं नाव गेलं. ती सांभाळणाऱ्या बाईंचं मशीन कायमचं बंद पडलं होतं. रिकामी जागा पाहून मला आधी मुखेड आठवलं, कारण तिथे मामांच्या अभ्यासिकेतले सहाही संगणक त्याच सिस्टीमवर चालतात. ओळ गेली असती, तर नवी पाठ्यपुस्तकं तिथे उघडलीच नसती.

मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि बुद्धविहाराशेजारच्या खोलीत त्यांनी अभ्यासिका काढली. संगणक एका कार्यालयाने बाद केलेले. मी रविवारी नांदेडहून सकाळच्या गाडीने गेले आणि त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजी आमची फेरी बंद करून राहिलेत म्हण की."

"कुणी नाव दिलं तर नाही करणार."

"एसटीतबी असंच हाय. आडगावची फेरी बंद करायची म्हणलं की इचारायचे, चालू ठिवा म्हणून अर्ज कुणाचा हाय? तुहं काय अडलंय सही कराया?"

माझं अडलं होतं ते नावापाशी. लातूरच्या इंग्रजी शाळेत हजेरीला 'प्रेझेंट मॅम' म्हणतानाही माझा आवाज फुटत नसे. प्रकल्पात दोन वर्षं मी नुसत्या दोन अक्षरांच्या टोपणनावाने होते आणि ते मला बरं वाटत होतं. यादीत मात्र पूर्ण नाव लागतं.

"आधी चाचण्या तरी पास होऊ द्या," मी म्हणाले.

"हाव. पोरायला सांगतो, एक मशीन आज दवाखान्यात हाय."

एक सोडून सगळ्या चाचण्या पास झाल्या. मोठी फाइल उघडण्याची तेवढी अडली. नव्या पाठ्यपुस्तकांची फाइल इतकी मोठी होती, की तिचा आकार जुन्या सिस्टीमच्या मापात मावत नव्हता. संगणक तो उणे दाखवायचा आणि फाइल रिकामी आहे असं म्हणायचा. आकार मोजायच्या आकड्याला जास्त जागा द्यायला हवी होती. बदल तीन ओळींचा होता; तो केला आणि इथे फाइल उघडली. पण तो आकडा सगळ्याच सिस्टीम वापरतात. माझ्या तीन ओळींनी दुसऱ्या कुणाचं मशीन बंद पडू शकत होतं.

मोबाइलच्या नेटवर बदल पाठवला आणि भाकरी खायला बसले. परत येऊन पाहते तर यादीतले लोक एकेक करून उत्तर देत होते. विंडोजवर चाललं. मॅकवर चाललं. एकाने लिहिलं होतं, "माझ्याकडचं मशीन आता कुठेच बनत नाही. फार हळू आहे, चार तास लागतील. थांबशील ना?"

मी थांबले. दुपारची मुखेड-नांदेड गाडी सोडली. पृथ्वीच्या कुठल्यातरी टोकाला एक अनोळखी माणूस आपल्या जुन्या मशीनसमोर बसला होता, मुखेडच्या पोरांची पुस्तकं उघडावीत म्हणून; आणि त्याला मुखेड ठाऊक नव्हतं. मी उत्सुकतेने जुना कोड वाचत बसले. जागोजागी कुणीतरी टिपा लिहून ठेवल्या होत्या: अमक्या सिस्टीमवर हे असं करा, नाहीतर बंद पडेल. कितीतरी सिस्टीमची नावं मी ऐकलीही नव्हती. शेजारी पोरं गणितं सोडवत होती. माझ्या अंगावर काटा आला होता आणि ते कुणाला सांगावं कळत नव्हतं.

पाच वाजता त्याचं उत्तर आलं. "चाललं. तुझ्या सिस्टीमपुढे अजून कुणाचं नाव नाही."

मी माझं पूर्ण नाव टाइप केलं. एकदा खोडलं. मग पुन्हा लिहून पाठवून दिलं. टोपणनावाच्या जागी स्वतःचं नाव पाहताना कुणीतरी दार उघडून आत आल्यासारखं वाटलं.

"केलीस का सही?" मामांनी विचारलं.

"हो."

"मग आता दर खेपेला येणं आलं, माय. मशीन तर हितंच हाय."

पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी केव्हाची माझ्या खुर्चीमागे उभी होती. "ताई, झालं का तुमचं?" मी उठले. तिने नव्या पुस्तकावर क्लिक केलं, ते उघडलं, आणि ती वही काढून लिहायला लागली.