आक्कांच्या पदरावर

बेळगावात सगळ्यात कमी बोलून सगळ्यात जास्त भांडणारी बाई शोधायची झाली, तर रिक्षावाल्याला थेट आमच्या गल्लीचा पत्ता सांगावा. आमच्या शेजारच्या आक्का. मूळच्या काकतीच्या, शेतकऱ्याची लेक. पदराला पांगाऱ्याच्या लाकडाचा ब्रोच लावतात, तोही स्वतःच्या हातानं कोरलेला, आणि त्या दिवशी जे काही मत असेल ते त्यावर असतं. घुबड दिसलं की दूधवालासुद्धा मुकाट्यानं माप घालून सटकतो. फणस असला तर खुशाल आत जावं, चुलीवर काहीतरी गोड असतंच. सूनबाई तर सकाळी सासूच्या तोंडाकडे बघतच नाही. पदराकडे बघते आणि मग बोलायचं की नाही ते ठरवते. एकदा घराच्या उताऱ्यासाठी हेलपाटे घालून वैतागल्या, तेव्हा कचेरीत कासव लावून गेल्या. साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, हे कशाला? आक्कांनी तितक्याच गोड कन्नडमध्ये सांगितलं, हे आमचं काम, साहेब, तुमच्या टेबलावरून कधीचं निघालंय. उतारा त्याच दिवशी हातात पडला.

गेल्या वर्षी मात्र धुण्याच्या दगडापाशी घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं मिटेनात. पदराला साधी सेफ्टीपिन आली. तिच्यावरून काय डोंबल कळणार? सगळी गल्ली बावचळली. एके दिवशी कोरायचा चाकू माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे रं. डोळ्याम्होरं नको." मी तो कपाटात ठेवून दिला. खरं सांगतो, त्या घुबडाची इतकी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मागच्या महिन्यात अचानक दारात उभ्या. "माझा चाकू दे."

"आक्का, पण हात?"

"त्यो कुठं जातोय? त्येला बी काम पायजे की."

आज सकाळी चहाला आल्या, तर पदरावर काहीतरी गोलमटोल, एका अंगानं चेपलेलं.

"बटाटा का हो, आक्का?"

"चिमणी हाय, मेल्या."

"आणि पंख?"

"फुटतील की. तुला लई घाई हाय व्हय?"

पदराचा भार त्या चिमणीला अजून पेलत नव्हता. खाली सेफ्टीपिनच होती. मी ती न बघितल्यासारखं केलं. चहा येईपर्यंत मांडीवर आक्कांची बोटं हळूहळू मिटत होती, उघडत होती.