९०९० पोर्टवरची भट्टी

मामाच्या सगळ्या गाड्यांचा नंबर एकच, ९०९०. मोबाईलच्या शेवटीही तेच आकडे. भोसरीत त्याचं वर्कशॉप आहे. लोखंडी पार्ट भट्टीत तापवायचे आणि तेलाच्या टाकीत बुडवायचे, हे तिथलं काम. मी ऑफिस बघते, माझा धाकटा भाऊ भट्टी सांभाळतो.

भट्टीचं तापमान मोबाईलवर दिसावं, तिथूनच कमीजास्त करता यावं म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वेब सर्व्हर बसवून घेतला. बसवणाऱ्याने पासवर्डचं नाव काढताच मामा खेकसला, "पासवर्ड कोण ध्यानात ठेवणार? त्यापेक्षा नेहमीचा पोर्ट बदल की राव!" म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यापुढे ठरावीक आकडा टाकल्याशिवाय पान उघडणार नाही. आकडा कोणता, ते विचारायचीही गरज नव्हती.

माझं डोकंच फिरलं. "मामा, हे कुलूप नाहीये. नुसतं दार मागच्या बाजूला केलंय. आणि त्या दाराचा नंबर तू गाडीवर लावून चाकणपर्यंत मिरवतोयस!"

"लई शहाणी झालीस," तो म्हणाला. झालं, विषय संपला.

मग मामाला चाळाच लागला. जेवताना, सिग्नलला, सलूनमध्ये, कुठेही बसला की तापमान वर-खाली करायचा. भाऊ हसायचा, "मामाचं बोट वळवळलं बघ." हळूहळू भट्टीवर आकडा बदलला तरी कुणी का म्हणून विचारेना. मालकाने केलं असेल, एवढंच. मीही तशीच.

त्या दिवशी मामा राजगुरुनगरला लग्नाला गेला होता. मी चहा घेत होते आणि समोर स्क्रीनवर भट्टीला ठरवून दिलेल्या तापमानाचा आकडा वाढला. पाहुण्यांसमोर शायनिंग चालली असेल, म्हटलं. थोड्या वेळाने आणखी वाढला. मग आणखी. एवढा तापलेला माल तेलात गेला तर टाकी पेट घेते, हे मामाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी फोन लावला.

मागे बँड वाजत होता. मी काही बोलायच्या आत तोच ओरडला, "अगं, येडी का खुळी तू? केवढं वाढवतीयास? मी मघापासनं बघतोय!"

"मी नाही वाढवलं, मामा. मला वाटलं तू..."

"मी हातबी लावला न्हाई."

फोन तसाच टाकून मी पळाले. भट्टीचं दार उघडं होतं. भावाने तापून पांढरा झालेला ट्रे साखळीवर घेतला होता, तेलाच्या टाकीकडे वळवत होता.

"थांब! खाली सोडू नकोस!" असा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नव्हता.

"मामानंच वाढवलंय ना?"

"मामानं नाही. मीही नाही."

त्याचा चेहरा उतरला. ट्रे परत आत ढकलून त्याने भट्टीचं मेन स्विच पाडलं. मग मला घेऊन ऑफिसात आला. म्हणाला, "ताई, आधी ते पान बंद कर."

आम्ही स्क्रीनसमोर उभे राहिलो. तेवढ्यात तोच ठरवून दिलेला आकडा उतरू लागला. सावकाश, एकेक पायरी. सकाळी होता तिथे येऊन थांबला, जणू काही झालंच नव्हतं. टेबलावर टाकलेल्या फोनमधून मामा ओरडत होता, "आता कमी कोण करतंय? मी न्हाई!" भावाने माझा दंड घट्ट धरला. माउस टेबलावर होता, आमच्यापैकी कुणीही त्याला हात लावला नव्हता.