दहाव्याचा व्हिडिओ

आप्पांच्या दहाव्याला थोरला भाऊ अमेरिकेतून आला नाही. व्हिडिओ मात्र त्याला अख्खा हवा होता, तोही ओरिजिनल. महिन्याचा डेटा संपला म्हणून कंपनीनं आमच्या महाळुंग्याच्या घरच्या नेटचा स्पीड पार मारून टाकलेला. तरी त्यानं फोनवरून मला टोरंट टाकायला लावलं. पोर्ट उघड, अपलोडचं लिमिट काढ, घरातल्यांचे मोबाईल वायफायवरून तोड. वर, "एवढं साधं जमत नाही तुला?" आईचं मोबाईलवरचं कीर्तन बंद पडलं. फाईल आठवडाभर रांगत गेली.

मग त्याचा फोन आला. "ऑफिसात बघितला, आवाज बंद करून. कावळा शिवला की! म्हणजे आप्पांचा माझ्यावर राग नव्हता."

नदीकाठी त्या दिवशी पिंडाला कावळा शिवतच नव्हता. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी "थोरला येईल, काळजी नको" असं परत परत सांगून बघितलं. शेवटी मीच हात जोडले. "आप्पा, त्यो काय आता येत न्हाई. वाट बघू नका." तेव्हा कावळा खाली उतरला.

"लिमिट, पोर्ट, सगळं जमलं बघ मला," मी भावाला म्हणालो. "आता घरी जाऊन आवाज लावून बघ."