तासिका तत्त्वावरची मंगल

हिरामणचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसत होते. हिरामण म्हणजे मंगलचा धाकटा भाऊ, पेठकडच्या डोंगरात भात आणि नागली पिकवणारा. एरवी तो फोनवर ओरडूनच बोलतो, कारण त्यांच्या पाड्यावर रेंज मिळायला टेकडी चढावी लागते आणि आवाजाची ती सवय खाली उतरल्यावरही जात नाही. त्या दिवशी तो शहरातल्या इस्पितळाच्या जिन्यातून बोलत होता, इतका हळू की मला फोन कानाला दाबून धरावा लागला. "बाई, मंगल नाय राहिली," तो म्हणाला. मग म्हणाला, "इथं ती काय काम करत होती ते इचारतात. प्राध्यापक सांगू का?"

मी ताट बाजूला सारलं. बहीण जाऊन तासही झाला नसेल, आणि त्या माणसाला हा प्रश्न मला विचारावा लागत होता. पुढचे कित्येक दिवस मी रडले कमी आणि चिडले जास्त.

सारंग, ईरा, तुम्ही दोघे तिला मंगलमावशी म्हणत होतात. तुम्ही मेलबर्नला, मी इथे नाशिकला इंदिरानगरात, आणि तिच्या जाण्याबद्दल आपण जे काही बोललो ते फोनवर, तुकड्यातुकड्यांत. सारंग, तू विचारलंस, "आजी, ती एवढी हुशार होती तर तिने ती नोकरी सोडून का नाही दिली?" तुझा प्रश्न साधा होता. मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला, कारण त्या क्षणी बोलले असते तर वाट्टेल ते बोलले असते. आता काही आठवडे गेले आहेत. आता शिस्तीत सांगते, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून पेपरच्या पुरवणीत सांगते. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीच्या विद्यापीठांना वाटेल, हे आपल्याबद्दल नाही.

मी नोकरीत असताना रविवारी आदिवासी मुलींच्या वसतिगृहात इंग्रजी शिकवायला जात असे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे अकरावीला मंगल आली, आश्रमशाळेतून. पहिल्याच रविवारी मी सगळ्यांना धडा वाचायला लावला. बाकीच्या मुली घडाघडा वाचत होत्या आणि अर्थ विचारला की खाली बघत होत्या. मंगल उठली आणि म्हणाली, "बाई, मला वाचता येतं, पण कळत नाय. आधी कळू द्या, मग वाचते." त्या दिवसापासून ती वर्गानंतरही थांबू लागली, मग घरी येऊ लागली, मग तुमच्या आजोबांशी क्रिकेटवरून वाद घालू लागली. भूगोल घेऊन पदवीधर झाली आणि मोठ्या शहरातल्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. मीच तिला सोडायला गेले होते. तिघींत एक खोली, मेसची डाळ पाण्यासारखी, आणि वाचनालयात जागा धरायची तर टेबलावर पाण्याची बाटली ठेवून जायचं, असा तिथला कायदा. मला वाटलं होतं, पोर महिन्याभरात परत येईल. तिने पहिल्याच सुट्टीत येऊन सांगितलं, "बाई, तिथं कोणी 'कुठली गं तू' विचारत नाही. 'काय वाचतेस' विचारतात." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मीही त्या विद्यापीठाच्या प्रेमात पडले. पुढचा सगळा राग त्या प्रेमातूनच आला आहे, हेही सांगून ठेवते.

तिच्या वर्गात एकदा स्थलांतराचा नकाशा लावला होता. डोंगराकडून द्राक्षबागांकडे जाणारे जाड काळे बाण. सगळे इंग्रजीतून चर्चा करत होते, मजूर का जातात, परत का येतात. मंगल उठून नकाशाजवळ गेली आणि एका बाणावर बोट ठेवून म्हणाली, "यात माझे आईवडील आहेत. आत्ता या वेळेला ते इथं, निफाडच्या अलीकडे असतील." सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. सर मात्र चांगले होते. ते म्हणाले, "मग पुढचं तू सांग, मी बसतो." आणि ते खरोखरच बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी आपल्याला शिकवायचंच आहे हे तिने ठरवलं.

शिकवायला लागली ती त्याच विभागात, तासिका तत्त्वावर. तुमच्या तिकडे याला काय म्हणतात मला माहीत नाही. इथे त्याचा अर्थ असा की जितके तास शिकवाल तितक्याच तासांचे पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, पेपर तपासताना जागून काढलेल्या वेळेचे नाहीत. वर्ष संपलं की नेमणूक संपली. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. वर्ग जूनमध्ये सुरू होतात आणि नेमणूक कधी ऑगस्टमध्ये, कधी त्याच्याही नंतर. त्यामुळे दर वर्षी भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, डॉक्टरेट झालेली मंगल गुडघाभर चिखलात उभी असे. पाड्यावरच्या लोकांना वाटे, केवढी मोठी नोकरी, किती लांबलचक सुट्टी देतात. तिने त्यांचा तो समज कधी मोडला नाही. "मोडला तर पोरींना शिकायला पाठवणार नाहीत, बाई," असं म्हणायची.

तिला सुरुवातीला सांगितलं होतं, एकदोन वर्षांत जागा निघतील. अनुसूचित जमातीची एक कायमची जागा त्या विभागात मंजूरच होती, फक्त भरलेली नव्हती. विचारलं की उत्तर तयार असे. बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याचा तक्ता, तपासायची आहे. प्रस्ताव वर गेला आहे. वरून परत आला आहे. पुन्हा तपासायला गेला आहे. एका पिढीतली मुलं त्या विभागातून शिकून बाहेर पडली, लग्नं झाली, त्यांची मुलं शाळेत जाऊ लागली, आणि ती बिंदुनामावली तपासणारा माणूस अजून तपासतोच आहे.

आणि या बाईकडे त्या लोकांनी काम कोणतं दिलं, तर विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळवून देण्याचं. जिन्याखालच्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिका ठेवत, ती रिकामी करून तिथे करिअर मार्गदर्शन कक्ष थाटला. कायमच्या प्राध्यापकांपैकी कोणाला तिथे बसायचं नव्हतं. मंगल बसली. भूगोल शिकून काय होतं, असं विचारणाऱ्या मुलांना तिने नकाशे बनवणाऱ्या कंपन्यांत पाठवलं, पाणीपुरवठ्यात पाठवलं, भूजल सर्वेक्षणात पाठवलं. खेड्यांतून आलेल्या मुलांच्या सरावासाठी खोट्या मुलाखती घ्यायची. मी एकदा तिथे बसून पाहिलं आहे. मालेगावकडचा एक मुलगा आत आला आणि घाबरून एकदम आपल्या बोलीतच म्हणाला, "मॅडम, मी गरीब घरना शे." मंगल शांतपणे म्हणाली, "हे तिथं सांगू नकोस रे बाबा, पगार कमी देतील. बाहेर जा आणि परत ये." तो परत आला तो हसतच. ईरा, तुलाही तिने इथे दिवाणखान्यात असंच बसवलं होतं. मला काहीच नीट जमत नाही, असं तू म्हणालीस. त्यावर ती म्हणाली, "काय जमत नाही ते त्यांना शोधू दे. त्याचा त्यांना पगार मिळतो."

असं सगळं असताना एका वर्षी खरोखरच कायमच्या जागेची जाहिरात निघाली. मंगलने अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं. ही बातमी पाड्यावर पोहोचेपर्यंत मुलाखत गळून पडली आणि नुसती नोकरी उरली. हिरामणने आणि गावातल्या पोरांनी भला मोठा फ्लेक्स छापला. मंगलचा हसरा फोटो, खाली 'प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि शुभेच्छुक म्हणून सबंध पाडा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी विद्यापीठाने भरती प्रक्रिया स्थगित केली. कारण दिलं नाही. मंगल गावी गेली तेव्हा फ्लेक्स फाट्यावर तसाच होता. हिरामण तोंड लपवत होता. ती म्हणाली, "चांगला जाड आहे रे. पेंढ्यावर टाक." मी पुढे एकदा गेले तेव्हा भाताच्या पेंढ्यावर तिचा चेहरा उलटा पसरलेला होता आणि त्यावर कोंबड्या बसल्या होत्या. ती मला कौतुकाने दाखवत होती, पाणी कसं आत जात नाही ते. मला मात्र हसता आलं नाही.

त्यानंतर पुन्हा तासिका, पुन्हा दरसालची मुलाखत. एका वर्षी समितीत विषयतज्ज्ञ म्हणून तिचाच एक विद्यार्थी बसला होता. तो दुसरीकडे कायमचा लागला होता, तिनेच तयारी करून घेतली होती. त्याने विचारलं, "आपला थोडक्यात परिचय द्या." मी फोनवर म्हटलं, "तू काय सांगितलंस?" ती म्हणाली, "नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. त्याचे कान लाल झाले होते, बाई. बिचारा." बिचारा! त्या दिवशी मी तिच्यावरही चिडले. म्हटलं, तुझ्या त्या नकाशांच्या कंपन्यांत तुझेच विद्यार्थी साहेब झालेत, तुला बोलावतात, जात का नाहीस? सारंग, तुझाच प्रश्न मी तुझ्याआधी विचारला होता. ती म्हणाली, "मी गेले ना, तर कागदोपत्री उमेदवारच नाही असं दाखवतील आणि ती राखीव जागा मोडीत काढतील. त्या जागेवरच्या तासांना मी दरसाल अर्ज करते म्हणून ती अजून आहे. मला नाही तर माझ्या मागून येणाऱ्या एखादीला मिळेल." हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती अडकून पडली नव्हती. ती पाय रोवून उभी होती.

गेल्या हिवाळ्यात ती वाळायला लागली. पोटात दुखायचं, जेवण जायचं नाही. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. "सत्र संपू दे," एवढंच म्हणायची. तास बुडाला की पैसे बुडाले, शिवाय मुलांच्या मुलाखतींना कंपन्या येणार होत्या. त्या सगळ्या मुलाखती पार पडल्या, मुलं लागली, मग ती तपासायला गेली. तोवर कर्करोग यकृतापर्यंत गेला होता. ती इस्पितळात असताना वेळापत्रकातून तिचं नाव काढून दुसऱ्या बाईंचं घातलं गेलं. मी समजू शकते, मुलांचे तास व्हायला हवेत. पण त्याच आठवड्यात विभागातून एक माणूस तिला भेटायला येऊ शकला असता. जुने विद्यार्थी आले, आळीपाळीने उशाशी बसले. विभागातून कोणी आलं नाही. ती गेल्यावर मात्र प्रवेशद्वाराशी फलक लागला, 'प्राध्यापक डॉ. मंगल भोये यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. विद्यापीठाने तिला प्राध्यापक म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दिवसकार्य झाल्यावर विभागप्रमुख माझ्याकडे आले. सहकुटुंब त्र्यंबकेश्वरला निघाले होते, वाटेत नाशिक लागतं म्हणून थांबले. मी हिरामणला बोलावून घेतलं होतं. सर म्हणाले, करिअर कक्षाला मॅडमचं नाव द्यायचं ठरतं आहे, संगमरवरी पाटी करू, घरच्यांची संमती आणि एक चांगला फोटो हवा. माझ्या ओठांवर नकार आला होता, पण हिरामणचे डोळे भरले. त्याला ते नाव हवं होतं. दगडावर कोरलेलं, पेंढ्यावर न टाकता येणारं. त्याचा तो हक्क होता. मी कपाटातून तिचा फोटो काढून टेबलावर ठेवला.

"पाटीवर काय लिवणार?" त्याने विचारलं.

"प्राध्यापक डॉ. मंगल भोये करिअर मार्गदर्शन कक्ष."

हिरामणने डोकं हलवलं. "पराध्यापक नको, सर. ती नव्हती. तुम्ही केलीच नाय ना. डॉक्टर लिवा, ते तिनं मिळवलं. आन खाली लिवा, तासिका तत्त्वावर."

सर कसंनुसं हसले. "तसं पाटीवर लिहीत नाहीत हो, दादा."

"नेमणुकीच्या कागदावर तर दरसाल लिवत होते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, शिकलेली बाई आहे, समजावेल, या आशेने. मी म्हटलं, "घरच्यांची संमती हवी होती ना तुम्हाला? ही संमती आहे. अगदी याच शब्दांत." बाहेर गाडीतून त्यांच्या पत्नींनी दर्शनाला उशीर होतोय म्हणून हाक मारली. विषय समितीपुढे ठेवतो म्हणाले आणि गेले. फोटो टेबलावरच राहिला. त्यानंतर त्यांचा फोन नाही. पाटीही लागलेली नाही. हिरामण दर आठवड्याला टेकडीवरून विचारतो आणि मी त्याला तेच सांगते. तो म्हणतो, "ऱ्हाऊ द्या, बाई. आपली अट हाय तीच हाय."

जून लागला की मी पेपरमधल्या विद्यापीठांच्या जाहिराती बघत असे आणि तिची दिसली की लगेच फोन करत असे, कारण शेताच्या गडबडीत तिला तिथे पेपर मिळत नसे. टेकडी चढली की तिला माझा चुकलेला फोन दिसे, मग ती उलट फोन करी आणि मी तिला ओळ न् ओळ वाचून दाखवी. काल ती जाहिरात आली. मी चष्मा लावला, फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं... आणि फोन खाली ठेवला. कात्री आणून जाहिरात कापली. तुम्हा दोघांना पाठवते आहे, नीट वाचा. भूगोल, पद एक, तासिका तत्त्वावर. पात्रता लिहिली आहे, अर्जाची मुदत लिहिली आहे, मूळ प्रमाणपत्रं घेऊन स्वखर्चाने यावं असंही लिहिलं आहे. जागा रिकामी कशी झाली, ते मात्र लिहिलेलं नाही.