सोळा हजार फुटांखालची जयवंता

वडगाव निंबाळकरला नीरा-बारामती रस्त्याला लागून पत्र्याचं एक दुकान आहे. दारात जळक्या मोटरी ओळीनं मांडलेल्या असतात आणि आत सतरंजीवर एक बाई एक पाय लांब करून बसलेली असते. मांडीवर मोटरीची नळी, हातात तार. नवखा माणूस आला की तिला ओलांडून तिच्या नवऱ्याकडं, सावळारामकडं बघतो आणि विचारतो, "मिस्त्री कुठायत?"

सावळाराम हनुवटीनं बायकोकडं दाखवतो. "ह्या काय. मी नुसता बोलायला हाय."

ते खोटं नाही. बारा वर्षांमागं सावळारामच्या डोळ्यांना बारीक दिसेनासं झालं, तेव्हापासून मोटरी जयवंता भरते. मोटर भरणं म्हणजे जळालेली तार काढून नवी तार मोजून, ओढून, जागच्या जागी बसवणं. जयवंताचं माहेर इंदापूर तालुक्यातलं लासुर्णे. शाळा सातवीपर्यंत. हे काम तिला कुणी शिकवलं नाही. नवऱ्याला दुपारचा डबा द्यायला यायची आणि तो जेवेपर्यंत त्याच्या हाताकडं बघत बसायची, तेवढंच शिक्षण. पहिल्या वर्षी लोक मोटर आणायचे आणि ती भरणार म्हटल्यावर परत गाडीत टाकायचे. कऱ्हाटीच्या गेणबा तात्यांनी मात्र तिनं भरलेली मोटर बोअरमध्ये सोडली. ती नऊ वर्षं वर आली नाही. तात्या तेव्हापासून गावातल्या सगळ्यांच्या मोटरी घेऊन येतात आणि मोटर होईपर्यंत चहा पीत बसतात.

ही बोअरमध्ये सोडायची मोटर, पाण्यात बुडून चालणारी. आपल्याकडं तिला पाणबुडी म्हणतात. तिच्या पोटात आधीच पाणी भरावं लागतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. आत हवा राहिली तर त्या जागी मोटर कोरडी फिरते आणि महिन्याभरात जळते. बाकीचे कारागीर बूच उघडून पाणी ओततात, काठोकाठ आलं की बूच आवळतात. जयवंता तसं करत नाही. ती मोटर तिरकी धरते, लाकडी हातोड्यानं हळूहळू ठोकते, फुगे वर येतात ते बघते, मग हातोडा ठेवून उठून जाते. घरचं एखादं काम उरकून येते. येऊन मोटर दुसऱ्या अंगानं तिरकी करते, पुन्हा ठोकते. तीन खेपांनंतर एकही फुगा आला नाही तरच बूच आवळते, मोटरीच्या तोंडाला हळदीकुंकू लावते आणि म्हणते, "न्या आता."

"काकी, एका बुचाला किती येळ?" असं गेणबा तात्या इतकी वर्षं विचारतायत.

"हवा लाजाळू असती तात्या. कोपऱ्यात दडून बसती. माणूस समोरनं हलल्याबिगर भाईर येत न्हाय."

तिची मुलगी प्रगती ह्याच सतरंजीवर मोठी झाली. लहानपणी हातोडा धरायची, मोठेपणी तारेचे वेढे मोजायची. बारामतीला इंजिनियरिंग केलं आणि पुढं शिकायला चेन्नईला गेली. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "आई, मला पाणबुडीच्या कामावर घेतलं."

जयवंताच्या हातातली तार सुटली. तिनं नवऱ्याकडं फोन दिला आणि आत जाऊन देवापुढं बसली. पोरीनं ह्या सतरंजीवरनं उठावं म्हणून तिनं इतकी वर्षं तार ओढली होती, आणि पोरगी एवढं शिकून, एवढ्या लांब जाऊन, शेवटी पाणबुडीच भरणार होती. दगडाबाई शेजारीण आली तर तिलाही रडत तेच सांगितलं. दगडाबाईनं ते दिवस मावळायच्या आत गावभर केलं.

संध्याकाळी प्रगतीनं पुन्हा फोन करून समजावलं, की ही पाणबुडी वेगळी. समुद्राच्या तळाशी जाणारी, माणूस आत नसलेली, कॅमेरा घेऊन उतरणारी. खाली कुठले जीव राहतात ते बघायला जहाजावरून सोडतात. जयवंतानं डोळे पुसले. पण गावात एकदा गेलेली गोष्ट परत येत नाही. पुढं दोन वर्षं जो येईल तो म्हणायचा, "काय काकी, पोरगी चेन्नईला बोअर बघती म्हणं." जयवंता हसून तार ओढायची. सावळाराम मात्र प्रत्येकाला बसवून घ्यायचा आणि पहिल्यापासून सगळं सांगायचा. ऐकणाऱ्याला पटायचं नाही ते नाहीच.

गेल्या माघात प्रगतीचा जहाजावरून फोन आला. आवाज बसलेला.

"आई, कॅमेरा दोन वेळा सोडला. दोन्ही वेळा तीन हजार मीटरवर आंधळा झाला. जिथं सगळ्या तारा जोडतात तो डबा माझ्याकडं आहे. वर काढला तर एका कोपऱ्यात चेपलेला."

"अन् जायचं किती खोल?"

"पाच हजार मीटर."

शेजारी फोनला कान लावून बसलेल्या सावळारामनं मनात हिशेब केला. "सोळा हजार फूट. आपल्या तीनशे फुटाच्या बोअरी एकाखाली एक लावल्या तर पन्नास-पंचावन्न हुतील."

"परवा तिसऱ्यांदा सोडणार," प्रगती म्हणाली. "ह्या वेळी गेला तर जहाज माघारी फिरणार आणि डबा माझ्याकडून काढून दुसऱ्याला देणार. मोठ्या सरांनी सांगितलं. चिडूनसुद्धा नाही सांगितलं गं."

जयवंतानं हातातली तार खाली ठेवली. मग तिनं रोज गिऱ्हाइकाला विचारते तसं विचारलं, "डब्यात काय भरलंय?"

"तेल. गच्च भरलं की दाबाला चेपायला जागा राहत नाही."

"हवा कशी काढता?"

"मशीन आहे. ओढून घेतं. संपली की काटा दाखवतो."

"काट्याचं ऱ्हाऊ दे. बूच कुठं हाय?"

"वर. मधोमध."

"मधोमध. मग कोपऱ्यातल्या फुग्यानं यायचं कुठनं?"

पलीकडं प्रगती डबा ओढून घेऊन चाचपत असल्याचा आवाज आला.

"केवढा हाय डबा?"

"आपल्या तेलाच्या पाच लिटरच्या कॅनएवढा."

"मग मांडीवर घे. तिरका धर, बूच सगळ्यात वर आलं पायजे. लाकडानं ठोक, लोखंडानं न्हाय. घाई करू नको, च्या पिऊन ये. परत दुसऱ्या अंगानं. चारी कोपरे. तेल घट्ट वाटलं तर उन्हात ठेव जरा, खोबरेल ठेवतो तसं."

"आई, इथं मोठमोठे लोक आहेत. सगळे बघत राहतील."

"बघू दे की. तुला लाज कसली वाटती, हवेची का माझी?"

"तुझी न्हाय," प्रगती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती घरच्यासारखं बोलली होती.

त्यानंतर फोन नाही. परवाचा दिवस उजाडला. जयवंतानं रोजच्यासारखी देवाला फुलं वाहिली, मागितलं काही नाही. दुकानात आली. त्या दिवशी एकही मोटर तयार होऊन जायची नव्हती. तरी तिनं करंडा उघडला आणि लाकडी हातोड्याला हळदीकुंकू लावलं. सावळारामनं पाहिलं. त्यानं दिवसभर मोबाईल हातातून खाली ठेवला नाही. दुपारी दगडाबाई "काय कळलं का?" म्हणून दोनदा डोकावून गेली. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी जयवंताचं तारेचे वेढे मोजताना चुकलं. तिनं सगळी कॉइल उलगडून पहिल्यापासून घेतली. तसं याआधी कधी झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गेणबा तात्या मोटर घेऊन आले आणि चहाला बसले. तेवढ्यात सावळारामचा मोबाईल वाजला. प्रगतीनं व्हिडिओ पाठवला होता. सावळारामला नीट दिसेना म्हणून जयवंतानं फोन हातात धरला. तात्या चहाचा कप घेऊन तिच्यामागं उभे राहिले.

आधी नुसता काळोख. मग त्यातून निळसर ठिणग्या वर सरकू लागल्या, उसाच्या सरीत काजवे उठावेत तशा. कोपऱ्यात खोलीचे आकडे पळत होते. तीन हजारावर जयवंतानं श्वास रोखला. आकडा तीन हजार एक झाला, तीन हजार शंभर झाला, चित्र तसंच स्वच्छ. "गेला," सावळाराम म्हणाला. "गेला फुडं."

पाच हजाराला तळ दिसला. सपाट गाळ, त्यावर पसरलेले काळे गोल दगड.

"बटाटं काढून टाकलेलं वावर दिसतंय की," तात्या म्हणाले.

त्या वावरातून काचेच्या पिशवीसारखं काहीतरी हळूहळू चाललं होतं. त्याच्या पोटातलं आतडंसुद्धा दिसत होतं, गाळानं भरलेलं. त्याला समुद्रकाकडी म्हणतात, असं प्रगतीचा आवाज सांगत होता. गाळ खाते आणि मागं स्वच्छ गाळ टाकते.

"गांडूळच म्हणा. सोळा हजार फुटाखाली बी शेतकीच चाललीया," तात्या म्हणाले.

मग उजेडात एक फिकट गुलाबी जीव आला. गोल डोकं, खाली छोटे छोटे हात छत्रीसारखे जोडलेले, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना सुपासारखे कान. ते कान सावकाश हलवत तो तरंगत गेला. ऊन नाही, वारा नाही, कुणी बघणारा नाही, तरी त्याचं आपलं निवांत चाललेलं. जयवंताचा मोकळा हात आपोआप कपाळाला लागला. तिथंही त्या देवानंच हे घडवलंय, एवढंच ती म्हणाली. तात्यांनी ह्या वेळी चेष्टा केली नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

व्हिडिओ संपला. पाठोपाठ फोन आला. जयवंतानं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्या आवाजावर टाकला.

"बघितलंस आई? तीन दिवस जहाजावर नेट नव्हतं, म्हणून उशीर झाला. कोपऱ्यातनं तीन फुगे निघाले. तिसरा तर ज्वारीच्या दाण्याएवढा. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि मोठे सर शेजारी उकिडवे बसून फुगे मोजत होते. अजून एक सांगायचंय, रागवू नकोस. पाणबुडी सोडायच्या आधी आमच्याकडं कामांची यादी वाचतात. सरांनी त्यात सातवं काम वाढवलं, डबा तिरका धरून ठोकून फुगे काढायचं. त्याला नाव काय द्यायचं, तर म्हणाले, कुणी सांगितलं त्याचं द्या."

"म्हंजे?"

"काल चौथ्यांदा सोडली. यादी वाचणारा केरळचा आहे. त्यानं मोठ्यानं विचारलं, जयवंता झाली का? मी म्हटलं, झाली. मग खाली सोडली."

सावळारामनं तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. डोळ्यांच्या औषधाची वेळ झाली होती असं त्यानं नंतर सांगितलं. जयवंतानं फोन ठेवला, हात पदराला पुसले आणि तात्यांची मोटर मांडीवर ओढली. तिचे कान लाल झाले होते.

दगडाबाई दारात उभी होती. ती कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं. "मग ती बोअर बघत न्हाय व्हय?"

"बघती की," जयवंता म्हणाली. "जरा खोल हाय, एवढंच."

दगडाबाई गेली. दिवस मावळायच्या आत ही गोष्टसुद्धा गावभर होणार होती, आणि ह्या वेळी जयवंताची काही हरकत नव्हती.

दुपारी तिनं मोटरीत पाणी भरलं. तात्यांना घाई होती, कऱ्हाटीला उसाला पाणी द्यायचं होतं. ते उठले, मोटरीला हात घालणार, तेवढ्यात थांबले आणि पहिल्यांदाच नीट विचारलं, "काकी, हिची जयवंता झाली का?"

"न्हाय अजून. दोन खेपा ऱ्हायल्यात," जयवंता म्हणाली आणि हातोडा उचलला. "बसा. च्या टाकते."

तात्या बसले.