एकशे बेचाळीस फूट सुतळी

शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी आणि हे, असे दोघंच, जळगावातलं मेहरूण सोडून चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी राहायला गेलो. थोडी जागा, दोन खोल्या, पुढे ओटा. विजेचा शेवटचा खांब नाल्यापलीकडेच थांबला होता आणि नाला ओलांडायची त्याची काही चिन्हं नव्हती, म्हणून छपरावर सोलरची पॅनलं बसवली. दिवे लागले, पंखा फिरला, लहानसा फ्रिजही चालला. बोर मारून झाला होता, त्याला पाणीही लागलं होतं. राहिला होता फक्त पंप.

तो घ्यायला आम्ही जळगावला निघालो, तर शेजारचे नानाही बरोबर आले. लगतचा केळीचा मळा त्यांचा. सत्तरीचे असतील. त्यांच्या विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आहे आणि तिच्याबद्दल ते आवडत्या बैलाबद्दल बोलावं तसं बोलतात.

दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, शेती किती एकर? मी म्हटलं, शेती नाही. मग पीक कोणतं? पीकही नाही. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग पाणी कशाला?"

"अंघोळीला," मी म्हणाले. "आणि प्यायला."

त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मी वर्गात समजावते तसं त्याला समजावलं. मोठी मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, तेवढ्यात आमचा इन्व्हर्टर मान टाकेल. आम्हाला थेट पॅनलवर चालणारा लहान पंप हवा, दिवसभर हळूहळू टाकी भरणारा. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि पाच हॉर्सपॉवरचा पंप दाखवला. तो नको म्हटल्यावर तीनचा दाखवला. अर्ध्याचा आहे का, असं मी विचारलं तेव्हा नाना दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. आत कोणी ओळखीचं आलं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती.

शेवटी मागच्या बाजूला मोटरीची वाइंडिंग भरत बसलेले एक म्हातारे मिस्त्री बोलले. सोलरचा लहान पंप मिळतो, पण त्यात चार प्रकार आहेत, आणि कोणता घ्यायचा ते पाणी किती फुटांवर आहे त्यावर ठरतं. आम्हाला ते माहीत नव्हतं. बोर तीनशे फूट आहे, एवढंच बोर मारणाऱ्या गाडीवाल्यानं सांगितलं होतं. मिस्त्री म्हणाले, बोर किती खोल ते मी विचारत नाही, पाणी कुठे उभं आहे ते विचारतो. मोजून या.

आम्ही रिकाम्या हातानं परत आलो.

नानांचं मत पडलं की खडा टाकून सेकंद मोजावेत. सूत्र मला पाठ होतंच. खडा टाकला. माझ्या हिशेबानं चार सेकंद झाले, ह्यांच्या घड्याळात तीन, आणि नाना धान्याची पोती मोजावी तसे शांतपणे अकरापर्यंत पोचले. तिनाचे होतात एकशे चव्वेचाळीस फूट. नानांचे एकोणीसशेच्या वर. एवढा तर बोरच नव्हता.

मग मी सुतळीला लोखंडी नट बांधून ती बोरमध्ये सोडली, ओली झाल्यावर वर ओढली आणि जिथून ओल सुरू होत होती तिथे गाठ मारली. आता ही सुतळी मोजायची. आमची टेप पाच मीटरची, आणि अंगणात सुतळी सरळ मावेना. म्हणून ती समोरच्या डांबरी रस्त्याच्या कडेला अंथरली. हे पांढरा शर्ट घालून वहीत आकडे लिहीत होते, मी दर पाच मीटरवर खडूनं रेघ मारत होते, आणि नाना दुसरं टोक धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करून थांबवत होते. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चोपड्याची एसटी आली, तीही थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, काय चाललंय?

नाना म्हणाले, "मोजणी चालू शे."

सुतळी एकशे बेचाळीस फूट भरली. दुपारपर्यंत दोन माणसं विचारायला आली, रस्ता किती रुंद होणार? ह्यांनी खरं ते सांगितलं, की आम्ही बोरचं पाणी मोजत होतो. त्यांनी रस्त्यावरच्या खडूच्या रेघा पाहिल्या, लांबवरचा बोर पाहिला आणि समजूतदारपणे मान हलवली. "साहेब, सांगता येत नसेल तर राहू द्या," त्यातला एक म्हणाला. संध्याकाळी तिसऱ्याच कुणीतरी केळीचा एक घड ओट्यावर आणून ठेवला.

आठवडाभरात एकानं रस्त्यालगत लिंबाची रोपं ओळीनं लावली. जमीन जाणारच असेल तर भरपाईत फळझाडं तरी धरली जातील, असा त्याचा विचार. फाट्यावरच्या चहावाल्या अक्कांनी टपरी सहा पावलं मागे सरकवली. मागाहून धावपळ नको, म्हणाल्या. हे घरोघर जाऊन समजावत होते आणि जितकं समजावत तितकं लोकांचं मत पक्कं होत होतं, की माणूस मोठा सचोटीचा, कचेरीतली गोष्ट बाहेर काढत नाही. ह्यांचं सगळं आयुष्य कारकुनीत गेलं, साहेब असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून हे समजवायला निघण्याआधी शर्टाला इस्त्री करू लागले.

मी नानांना गाठलं आणि विचारलं, असं का सांगितलंत?

नाना पायातल्या वहाणेकडे बघत म्हणाले, "बाई, अर्धा हॉर्सपॉवरना पंप सांगाले माले लाज वाटनी."

मला राग आला होता, तो त्यानंतर नीट टिकेना. नाना स्वतः फाट्यावर जाऊन खरं सांगून आले. त्यांच्यावरही कोणी विश्वास ठेवला नाही. नानांच्या मळ्याला चांगला भाव ठरला असणार, म्हणूनच ते आता खरं बोलत नाहीत, असं निघालं.

आम्ही आकडा घेऊन पुन्हा जळगावला गेलो. मिस्त्रींनी त्यात टाकीची उंची मिळवली, उन्हाळ्यात पाणी खाली जाईल ते मिळवलं आणि लाटण्यासारखा लांबट एक पंप काढून दिला. बिल करताना दुकानदार पुन्हा अडला. पिकाचा रकाना भरल्याशिवाय त्याचा कॉम्प्युटर पुढे जाईना. मी म्हटलं, तुळस लिहा. यादीत तुळस नव्हती. 'इतर भाजीपाला' यावर आमची तडजोड झाली.

पंप बसवला त्या सकाळी लख्ख ऊन होतं. मिस्त्रींनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. आवाज नाही, थरथर नाही. नाना बोरच्या तोंडाशी केसिंग पाइपाला कान लावून बसले. तीन-चार मिनिटांनी टाकीकडचा पाइप खोकला, लाल गढूळ पाणी आलं, आणि मग करंगळीएवढी स्वच्छ धार पडू लागली. नानांनी तिच्याखाली तळवा धरला.

"हाई टाकी कव्हय भराई जाई?"

"दुपारी," मी म्हणाले.

त्यांनी खुर्ची मागितली. टाकीसमोर बसले, तिथेच जेवले, आणि दीडच्या सुमाराला टाकी भरून वाहिली तेव्हा उठून घरी गेले.

पुढच्या रविवारी ते पाचोऱ्याच्या व्याह्यांना घेऊन आले. पंप दिसत नाही, आवाज येत नाही, पण पाणी आहे, असं त्यांना अभिमानानं सांगत होते. एवढ्यात ढग आला आणि धार बारीक होत होत थांबली. व्याही पाइपाकडे बघू लागले. नानांनी त्यांना हातानं बसायची खूण केली. मी आत जाऊन चहा टाकला आणि कप घेऊन बाहेर आले, तर हे, नाना आणि व्याही, तिघंही ओट्यावर रांगेनं बसून वर आभाळाकडे बघत होते.